नटावरची पिवळी खूण

पहिल्या फेरीतली चौदा नंबरची गाडी नऊ बावन्नला सुटली आणि सातव्या शंकूपाशी चुकली.

तिथे हँडब्रेक ओढून, मागची चाकं घसरवून शंकूला पूर्ण वळसा घालायचा होता. पांढरी गाडी वळलीच नाही. ती सरळ गेली, पुढचा शंकू उडवला आणि मैदानाच्या मधोमध थांबली.

"चौदा नंबर, मार्ग चुकला. वेळ धरली जाणार नाही," कर्ण्यातून आवाज आला.

"नवीन आहे," तंबूपाशी कोणीतरी हसलं.

तेइझो कुवाहारा हसले नाहीत. गाड्यांची तपासणी त्यांच्याकडे होती. सकाळी आठला त्यांनी स्वतः याच गाडीचा हँडब्रेक ओढून पाहिला होता. पाचव्या खाचेला चाकं गच्च धरली गेली होती.

शिन्शूच्या डोंगरातलं हे मैदान म्हणजे स्कीवाल्यांचं पार्किंग. बर्फ वितळलं की महिन्यातून एका रविवारी इथे जिमकाना, म्हणजे शंकूंमधून एकेकट्याने गाडी पळवायची स्पर्धा, भरतो. शंकूंमधली वाट त्याच सकाळी कळते, ती पायी चालून पाठ करायची. प्रत्येकाला दोन फेऱ्या. त्यातली चांगली वेळ धरतात.

चिझुरू मिनेगिशी गाडीतून उतरली. वय चोवीस, आयुष्यातली पहिली स्पर्धा.

"साहेब, मी ओढला. शपथ. पण नुसताच वर आला, कशाला जोडलेलाच नसल्यासारखा."

"असू दे. आज दुरुस्त झाला नाही, तरी पुढच्या महिन्यात पुन्हा आहेच."

"नागोयाची नोकरी थांबणार नाही. मे महिन्यात पावसाने स्पर्धा रद्द झाली तेव्हा ते लोक एकदा थांबले." तिने हेल्मेट काढलं. "आणि या गाडीने एकदा वेळ नोंदवल्याशिवाय मी बाबांची गाडी विकू देणार नाही. आईशी तसं ठरलंय. आज वेळ नोंदली गेली तर तीन वाजता माणूस येऊन गाडी नेईल आणि उद्या मी जाईन. नाही नोंदली गेली तर गाडीही इथे, मीही इथे."

तिचे वडील कान्जी मिनेगिशी यांनी ही गाडी या मैदानावर बावीस वर्षं चालवली होती. फेब्रुवारीत ते गेले.

दुसरी फेरी सव्वाअकराला होती. कुवाहारांनी गुडघे टेकले, हँडब्रेकभोवतीच्या झाकणाचे दोन स्क्रू काढले. तार तुटलेली नव्हती. तार ताणून धरणारा नट पार टोकापर्यंत सैल केलेला होता. पान्याचा ओरखडा कुठे नाही. झाकणही जागच्या जागी, नीट बसवलेलं.

आणि नटाच्या माथ्यावर पिवळ्या शाईची एक छोटी तिरकी खूण. त्यांनी बोट लावलं. बोटाला पिवळं लागलं.

त्यांनी तोकुनागाला बोलावलं. तो गॅरेजवाला, कान्जींचा जुना मित्र. गाडी त्यानेच तयार केली होती.

"हा नट तू शेवटचा कधी घट्ट केलास?"

"गुरुवारी. खूणही केली." त्याने वाकून पाहिलं.

"ही तुझी खूण?"

"माझी पांढरी असते हो. आणि मी नटावरून खालच्या पट्टीपर्यंत सरळ रेघ ओढतो. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. ही बघा, अर्धी पांढरी रेघ पट्टीवर आहे अजून. नुसत्या नटावर टिकलीएवढी खूण करून कुणाला काय कळणार?"

"साडेआठ ते सव्वानऊ कुठे होतास?"

"चिझुरूबरोबर वाट चालत होतो. दोनदा चाललो. पोरीने माझे पाय मोडले."

वाट पाठ करायला सगळेच गेले होते, एक इसोबे सोडून. चिझुरूच्याच गटातला हा तरुण खुर्चीत पाय पसरून बसला होता.

"तू वाट चालायला गेला नाहीस?"

"मी नकाशा बघून पाठ करतो. चालणं म्हाताऱ्यांचं काम."

"चौदा नंबरच्या गाडीजवळ गेला होतास?"

"मी? तिला हरवायला मला पाना कशाला हवा, साहेब? डोळे मिटून हरवीन." मग तो जरा ओशाळला. "गाडीत तिची आई होती. डबा ठेवत असावी. बराच वेळ ठेवत होती बुवा."

फुमिए मिनेगिशी गाड्यांच्या रांगेमागे चटईवर बसली होती. अंगात कारखान्याचं निळं जाकीट. कुवाहारा येताना दिसताच तिने डबा पुढे केला.

"भाताचा गोळा घ्या. सकाळपासून उभे आहात."

त्यांनी एक घेतला. डब्यात सहा उरले, प्रत्येकात मीठ लावलेला लाल आलुबुखार. तिच्या उजव्या अंगठ्याच्या कडेला पिवळा डाग होता.

"मुळ्याचं पिवळं लोणचं संपलं वाटतं?"

"आज आणलंच नाही. चिझुरूला आवडत नाही."

ते तिच्यासमोर चटईवर बसले. तोकुनागा दोन पावलं मागे उभा राहिला.

"कारखान्यात काय काम करता?"

"लिफ्टचे भाग जोडून येतात, ते तपासते. एकोणतीस वर्षं झाली."

"तपासलेल्या नटावर खूण करता?"

तिचा हात बाहीकडे गेला. डाव्या बाहीवरच्या अरुंद खिशात पिवळ्या टोपणाचं पेन होतं.

कुवाहारा आवाज न चढवता बोलू लागले.

"आठला ब्रेक चांगला होता. नऊ बावन्नला नव्हता. मधल्या वेळात गाडी रिकामी राहिली ती वाट चालण्याच्या पाऊण तासात. तोकुनागा मैदानात होता. शिवाय त्याची खूण पांढरी, पट्टीपर्यंत जाणारी. इसोबे बसला होता, पण खोडी काढणारा माणूस नट सैल करून पळतो. झाकण नीट बसवत नाही. आणि सैल केलेल्या नटावर 'तपासला' अशी खूण तर कोणीच करत नाही. ती हाताने आपसूक केली. नटाला पाना लागला की पेन बाहेर काढायची सवय असलेल्या हाताने. लोणचं तुम्ही आणलेलं नाही, वहिनी. म्हणजे अंगठ्यावरचा तो पिवळा डाग शाईचाच आहे."

तोकुनागा पुढे आला. "वहिनी, तुम्ही? अहो, काही झालं असतं म्हणजे?"

"पायाच्या ब्रेकला मी हात लावला नाही." फुमिएने डब्याचं झाकण लावलं. "कान्जी काम करायचे तेव्हा टॉर्च मीच धरायची. कुठला नट कशाचा, मला माहीत आहे."

"तरी चुकलंच," कुवाहारा म्हणाले. "शंकूच्या जागी माणूस उभा असता तर?"

"हो." तिने मान खाली घातली. "चुकलंच."

"मग का केलंत?"

"वेळ नोंदली गेली नसती तर गाडी अंगणात राहिली असती. एक महिना. सकाळी खिडकी उघडली की दिसते. वाटतं, ते उठून बाहेर गेलेत, आता बॉनेट उघडतील." ती थांबली. "आणि मुलगीही राहिली असती. एक महिनाच मागत होते."

चटईमागे चिझुरू उभी होती. केव्हापासून, ते कोणालाच कळलं नव्हतं.

"आई, मला म्हणायचं होतंस ना, जाऊ नको म्हणून."

"ते तुझ्या बाबांनाही मी कधी म्हटलं नाही. बावीस वर्षं दर स्पर्धेला डबा भरून दिला."

"माझी नोकरी गेली असती, आई."

"माहीत होतं. तरी केलं."

 चिझुरू डोळे पुसत आईसमोर बसली, मग उठून गाडीकडे गेली. अकराला दहा मिनिटं कमी होती.

कुवाहारांनी पाना तोकुनागाकडे धरला. फुमिएने हात पुढे केला.

"मी करते. सैल मी केलाय."

तिने नट आवळला. कुवाहारांनी ब्रेक ओढला. पाचव्या खाचेला चाकं धरली गेली. त्यांनी नोंदवहीत लिहिलं: 'हँडब्रेकचा नट सैल. सैल करणारी, चालकाची आई. दुरुस्त केला. तपासला.' आणि चौदा नंबरला दुसऱ्या फेरीची परवानगी दिली.

सव्वाअकराला पांढरी गाडी सुटली. सातव्या शंकूपाशी मागची चाकं किंचाळली, गाडी वेडीवाकडी फिरली, पण पूर्ण फिरली.

"चौदा नंबर, एक मिनिट एकतीस पूर्णांक चार."

"दहापैकी नववी," तोकुनागा म्हणाला. "त्या इसोबेने डोळे उघडे ठेवूनही तीन शंकू पाडले. दहावा तो."

फुमिए हसली, आणि मग हसता हसता तिने तोंडावर रुमाल धरला.

तीन वाजता खरेदीदार आला. भला माणूस होता. त्याने कागद बॉनेटवर पसरले, सही-शिक्क्याची जागा दाखवली. फुमिएने पिशवीतून सहीऐवजी वापरायचा नावाचा शिक्का काढला, लाल शाईत बुडवला, कागदावर दाबला.

नाव उलटं उमटलं.

"चालेल हो," तो म्हणाला. "वाचता येतं."

"नाही," फुमिए म्हणाली. "नवा कागद द्या."

त्याने नवा कागद दिला. तिने शिक्का डोळ्यांजवळ धरून वरची बाजू पाहिली, सरळ धरला आणि सगळा भार देऊन दाबला.