भिंतीवर आलेली मागणी

त्या देवदत्तचं एक वागणं वच्छलाबाईंना अजिबात खपायचं नाही. पोरगं वाक्यच पुरं करायचं नाही. तोंड उघडलं की "म्हणजे कसंय मावशी... ते तसं बघितलं तर..." आणि पुढं काय, तर वरच्या पंख्याकडं बघत उभा! उरलेलं वाक्य ऐकणाऱ्यानं आपल्या पदरचं घालायचं. बाई स्वतः चौथी नापास. पण उभ्या जन्मात त्यांनी वाक्य अर्धं सोडलं नव्हतं. समोरचा माणूस मात्र पुष्कळदा अर्धा करून सोडला होता.

जुळे सोलापुरात त्यांचं मंगल कार्यालय. माळशिरसचं रान दिरानं वाटून घेतलं, तेव्हा आपल्या वाट्याचं विकून बाईंनी ते बांधलं. मुलगा आदिनाथ चालवायचा. ऐन उमेदीत त्याला काविळीनं नेलं, आणि मागं राहिल्या दोघीच, सासू आणि सून. सून सृष्टी. सासूला आत्या म्हणायची. बुकिंग, आचारी, मांडववाला, सगळं तिच्या जिभेवर. आदिनाथ गेला तेव्हा भावकीतून सांगावा आला होता, की पोरीला आता माहेरी धाडा. बाई म्हणाल्या होत्या, "ती काय भाड्यानं आनल्यालं पातेलं हाय व्हय, कार्य झालं की घासून परत द्यायला?"

तर हा देवदत्त. तो मुळात आला पाहुणा म्हणून, कुणाच्या तरी साखरपुड्याला. हॉलमध्ये तेव्हा स्टुलावर ठेवलेला प्रोजेक्टर होता, आणि त्याची वायर लॅपटॉपपर्यंत आडवी पसरलेली. नवऱ्यामुलाचे मामा त्या वायरीत अडकले. मामा पडले ते सतरंजीवर, पण प्रोजेक्टर निघाला फरशीकडं... तेवढ्यात एकानं झेप घेऊन तो दोन्ही हातांत झेलला. तोंडात अख्खा पेढा. समोरून सृष्टी धावलेली. त्या तापलेल्या डब्याखाली दोघांचे हात एकावर एक.

"उं... उं," पाहुणा म्हणाला.

"आधी पेढा गिळा," सृष्टी म्हणाली. "मग बोला."

त्यानं गिळला. "ते वायर... म्हणजे आता बिनवायरचं..."

"पेढा होता तेव्हा बरं बोलत होता."

तो हसला. कानापर्यंत लाल झाला. हात मात्र कुणीच लवकर काढला नाही – हे वच्छलाबाईंनी स्टेजवरून पाहिलं आणि पदर खोचला.

चौकशी केली तर पोरगा होटगीचा, बाप रेल्वेत होता. हा शाळांत, ऑफिसांत पडदे आणि स्पीकर बसवून द्यायचा. पुढच्याच आठवड्यात तो शिडी घेऊन हजर. नवा प्रोजेक्टर छताला टांगला, समोरची भिंत पांढरी करून घेतली.

"आता लॅपटॉप कुठंही ठेवा मावशी. वायफायवरनं चित्र थेट भिंतीवर."

"आन् वाटंत कोन आडवं गेलं तर?"

"जाऊ दे की. हवेतनं येतंय ते..."

"हवेत आडवी जानारी लई हायत आमच्या भावकीत," बाई म्हणाल्या. "बसीव. पन भितीवर अक्षरं मराठीत पायजेत. आन् त्यो रिमोट माझ्याजवळ ऱ्हाईल."

"मशीनला एक नाव द्यावं लागतंय. लॅपटॉपला ओळखू यायला..."

"सृष्टी."

"अहो आत्या!" सृष्टी शिडी धरून उभी होती, ती एकदम वर बघायला लागली. "जनरेटरवर माझं नाव, बोअरच्या मोटरीवर माझं नाव. आता प्रोजेक्टरवर पण?"

"तू उंबरा वलांडलास आन् बोअरला पानी लागलं. घेतल्याल्या वस्तूवर तुजंच नाव पडनार." बाईंनी विषय संपवला आणि आत आचाऱ्याला बघायला गेल्या. कान मात्र बाहेरच ठेवून गेल्या.

"सृष्टी सापडत नाही," बाहेरून देवदत्तचा आवाज आला. लॅपटॉपवरचं वाचत होता.

"नीट शोधा. इथंच असते ती."

"थांबा... दिसली. पण प्रतिसाद देत नाही म्हणायलंय."

"कुणीही आलं म्हणून लगेच द्यायचा का?"

"मग काय करावं... म्हणजे..."

"जवळ सरका जरा. फार लांबून चाललंय तुमचं."

सरकायचं होतं प्रोजेक्टरजवळ. तो सरकला शिडीजवळ. शेगडीवरच्या शेंगदाण्यांचा खमंग वास सगळ्या हॉलभर झाला होता, पंखा डोक्यावर कुरकुरत होता, आणि दोघं एका लॅपटॉपवर वाकलेली. तिच्या वेणीचं टोक त्याच्या मनगटाला लागत होतं. तो मनगट हलवत नव्हता.

बाई रिमोट घेऊन बाहेर आल्या तर भिंत निळीशार उजळलेली. त्यावर वीतभर अक्षरं. बाई वाचायच्या त्या एकेक अक्षर चाचपत, अंधारात भिंतीला हात लावत चालावं तशा.

"सृ-ष्टी... वा-ट... पा-ह-त... आ-हे."

त्या थबकल्या. तोवर खाली दुसरी ओळ आली.

"दे-व-दत्त यां-ची... सृ-ष्टी-ला... जो-ड-णी-ची... मागणी!" शेवटचा शब्द त्यांना चाचपावा लागला नाही. "आ-ली आ-हे. मं-जूर. ना-मं-जूर."

वच्छलाबाई गर्रकन वळल्या. "काय रं ए! तोंडानं बोलाय येत न्हाय म्हनून भितीवर मागनी घालतोस? आमच्यात मागनी घालाय घरची थोरली मानसं येत्यात, गूळ-खोबरं घिऊन येत्यात! भित न्हाय येत!"

देवदत्तच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. "नाही मावशी... ते मशीन विचारतंय... म्हणजे माझ्या लॅपटॉपला नाव देवदत्त, आणि याला... जोडायचं का म्हणून..."

आणि सृष्टी हसायला लागली. शिडीच्या पायरीवर बसली, पोट धरलं, डोळ्यांतून पाणी. "आत्या – आत्या, दाबा हो ते मंजूर! नाहीतर चित्र येणार नाही!"

बाईंनी दाबलं. भिंतीवर सिद्धेश्वराच्या तळ्याचं चित्र आलं. पण त्यांचं लक्ष चित्राकडं नव्हतंच. असं हसणं त्यांच्या घरातून आदिनाथबरोबर गेलं होतं. ते परत आलं होतं, आणि ज्याच्यामुळं आलं तो गडी खाली वाकून स्क्रूड्रायव्हर शोधत होता.

नंतर त्या मशीनला काय झालं कोण जाणे, सारखं बघावं लागायचं. देवदत्त रणरणत्या उन्हात यायचा, मान लाल झालेली. त्याची गाडी फाटकात वळायच्या आधीच ओट्यावर पाण्याचा तांब्या भरलेला असायचा. मशीन ठीक निघायचं. मग "आलोच आहे तर..." म्हणून तो बसायचा. कडक भाकरी मोडून द्यायचा, ती चटणीवर तेल सोडायची. तिखट लागलं तरी तो पाणी मागायचा नाही. ती न मागता पुढं सरकवायची.

बाई वाट बघत राहिल्या, की आता बोलेल. पोरगं काही बोलेना. शेवटी त्यांनी सुनेलाच गाठलं.

"आवडतोय न्हवं तुला?"

सृष्टी तांदूळ निवडत होती. खोटं बोलली नाही. "आवडतो."

"मंग तूच इचार की. हितं कोन धरलंय तुला?"

"नाही आत्या." तिनं सुपातला खडा काढून लांब टाकला. "मला एकदा सगळं अर्ध्यावर तुटून मिळालंय. आता अर्धा माणूस नको. येईल तर पुरा येऊ दे, चार लोकांत येऊ दे. नाहीतर मी आहे तशी बरी आहे."

वच्छलाबाईंनी सूप आपल्याकडं ओढलं आणि त्याही खडे काढायला लागल्या.

मग आला ओवीचा साखरपुडा. ओवी म्हणजे बाईंच्या दिराची, सयाजीची लेक. हा तोच सयाजी, ज्यानं रान वाटून घेतलं आणि सुनेला माहेरी धाडायचा सांगावा पाठवला. पण कार्यालय घरचं आणि ओवी गुणाची, म्हणून बाईंनी हॉल दिला. सयाजीनं आल्या आल्या पहिलं काम काय केलं, तर सृष्टीला बाजूला घेऊन म्हणाला, "तू मागंच थांब हं. शुभकार्य हाय." ती मागच्या खांबाजवळ जाऊन उभी राहिली. मोरपंखी साडी, मान ताठ.

ओवीचे लहानपणीचे फोटो भिंतीवर दाखवायचे होते. देवदत्त एका हातात माईक घेऊन लॅपटॉपशी बसला होता. सगळी भावकी भिंतीकडं बघत होती. आणि भिंतीवर आलं –

सृष्टी वाट पाहत आहे.

हॉलभर कुजबुज. आणि त्या ओळीखाली पुढची ओळ:

देवदत्त यांची सृष्टीला जोडणीची मागणी आली आहे. मंजूर. नामंजूर.

कुणीतरी फिस्सकन हसलं. सयाजी ताडकन उठला.

"वैनी! काय थेरं ही? आदिनाथची बायको हाय ती! कोन कुटला पडदेवाला भर कार्यात मागनी घालतोय, आन् तुमी रिमोट धरून बसलाय? दाबा नामंजूर!"

सगळ्यांच्या माना देवदत्तकडं वळल्या. तो उठला. चेहरा भिंतीसारखाच पांढरा. "अहो ते... मशीनचं नाव आहे. मशीन विचारतंय... तसं काही..."

हातातला माईक चालू होता. "तसं काही" हे बाहेर पंगतीपर्यंत ऐकू गेलं.

खांबाजवळून पैंजण वाजले. सृष्टी पुढं आली, सुवासिनींच्या मधून, सयाजीच्या समोरून, थेट. "तसं काही – काय?" ती म्हणाली. "पुरं करा."

त्यानं पंख्याकडं पाहिलं. मग पंख्यावरून नजर काढून तिच्याकडं पाहिलं.

"तसं काही नाही, असं म्हणणार होतो," तो म्हणाला. "ते खोटं झालं असतं. मशीन विचारतंय ते विचारू दे. मी पण विचारतो. सृष्टी, मला तुमच्याशी लग्न करायचंय. तुम्ही नाही म्हणालात तर ह्या हॉलची पायरी चढणार नाही. आणि खरं सांगतो, मशीन एकदाही बिघडलं नव्हतं."

बाहेर पंगतीतले वाढपी वाढणं टाकून दारात येऊन उभे राहिले.

"ऐकलं का वैनी?" सयाजी ओरडला. "घराण्याची अब्रू..."

"खाली बस, सयाजी." वच्छलाबाई खुर्चीवरून उठल्या. "माझा लेक गेला. सून न्हाय गेली. ती जित्ती हाय, तिला जित्तेपनी कशाला पोचवाय निघालास?"

"भावकी काय म्हनंल?"

"भावकी जेवाय बसंल. आमटी गरम हाय." त्या एक पाऊल पुढं गेल्या. "आन् आज तुज्या लेकीच्या बोटात अंगठी पडनार हाय. देव तिला शंभर वर्सं सुखी ठिऊ दे. पन उद्या तिच्यावर अशी येळ आली, तर तिलाबी खांबामागं उभी करनार काय रं? ती बघ बसलीया. तिच्याकडं बघून सांग."

ओवी बापाकडं बघत होती. डोळे भरलेले, पण खाली घातलेले नाहीत. सयाजी मटकन खाली बसला.

तेवढ्या गडबडीत भिंतीवरची मागणी विरून गेली होती. पुन्हा एकटी ओळ उरली होती – सृष्टी वाट पाहत आहे.

वच्छलाबाईंनी रिमोट सुनेच्या हातात दिला. "माझं नाव हाय व्हय भितीवर? तुजं तू बघ."

सृष्टीनं रिमोट घेतला. देवदत्तकडं बघितलं. ओठ दाबून धरले होते, पण गालाची खळी काही ऐकेना.

"मुदत संपली म्हणून मागणी रद्द झाली," ती म्हणाली. "पुन्हा पाठवा."

"पाठवतो."

"हात कापतोय तुमचा."

"कापू दे."

त्यानं बटण दाबलं. भिंतीवर ओळ उमटली. सृष्टीनं ती सगळी शांतपणे वाचली, जणू पहिल्यांदाच वाचत होती. मग सगळ्या भावकीच्या देखत हात उंच करून तिनं मंजूर दाबलं. भिंत उजळली, आणि तिच्यावर आली शेंबडं नाक, हातात अर्धी भाकरी अशी लहानगी ओवी. ओवी स्वतःच सगळ्यांत आधी हसली. मग हॉल हसला.

अंगठ्या झाल्या. पंगती उठत आल्या तेव्हा देवदत्त वच्छलाबाईंसमोर येऊन वाकला. सृष्टी त्याच्या मागं, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"मावशी, होटगीहून आई-अण्णांना घेऊन येतो, गूळ-खोबरं घेऊन. पण तुम्ही माझ्यावर... म्हणजे..."

बाईंनी त्याच्या खांद्याला धरून त्याला सरळ उभा केला आणि नखशिखांत न्याहाळला.

"भित्रा हायस," वच्छलाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पन खोटा न्हायस. खोट्याला देवबी नीट करू शकत न्हाय. भित्र्याचं काय, मी हाय की!"