डोक्याबाहेरचा ठिपका

आमची ओळख झाली माझ्या चुकीमुळे. चूक लहान नव्हती. मी अर्धा मेंदू गायब केला होता.

ती संशोधक. मेंदूच्या तपासण्यांवर छापून आलेले दोनशे लेख एकत्र करून, माणूस बोलताना, घाबरताना मेंदूचा कुठला भाग जागा होतो, याचा एक नकाशा ती करत होती. प्रत्येक जागेचे तीन आकडे. जागा डावीकडची असेल तर पहिल्या आकड्याआधी उण्याची रेघ. मी छापखान्यातून आलेला टायपिस्ट. मला वाटलं, यादीत असते तशी रेघ असेल. सगळ्या काढून टाकल्या... पान स्वच्छ दिसावं म्हणून!

ती नकाशा घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

"अहो, डावा मेंदू कुठाय?"

"मी नाही घेतला."

तिने हसू दाबलं. "दीड महिन्यात द्यायचाय हा. नाहीतर माझी तीन वर्षं पाण्यात आणि तुमची नोकरीही."

मग रोज शेजारी बसून दुरुस्ती. ती आकडे वाचायची, मी टाइप करायचो. "उणे बेचाळीस..." हे कुणी इतकं गोड म्हणू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

काम संपत आलं. म्हणजे तिचं शेजारी बसणंही. मी रोज एक चूक मुद्दाम ठेवू लागलो. ती दाखवायला ती यायची, थोडा वेळ बसायची. खऱ्या आकड्यांची चिठ्ठी खिशात असायची. तिचं काम बुडायला नको.

शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "रोज एकच चूक? तीही बरोबर चहाच्या वेळेला सापडणारी?"

माझे कान तापले. मी चिठ्ठी पुढे केली.

तिने मोजलं. "अकरा. मी तर दहाच दाखवल्या."

"अकरावी तुम्हाला सापडली नाही..."

"सापडली होती." ती नकाशाकडेच बघत होती. "उद्या यायला काहीतरी निमित्त नको?"

"उद्या सुट्टी आहे."

"म्हणूनच तर."

नकाशा वेळेत गेला, बिनचूक. चुकीची प्रत मात्र तिने लग्नानंतर चौकट करून आमच्या बैठकीत लावली. त्यात कानाच्या वर, डोक्याच्या पार बाहेर, एक ठिपका लटकतोय, ती अकरावी चूक. पाहुण्यांनी विचारलं की ती सांगायची, "ते आमचे हे."

परवा शेजारच्या नव्या वहिनींनी विचारलं. सांगायला आता ती नाही.

"तो मी," म्हटलं, आणि चहा टाकायला उठलो.