वरचे मोजा

कॅप्टनने आपली टोपी मोजपट्टीच्या डोक्यावर ठेवली तेव्हा ती घसरून थेट भुवयांपर्यंत आली आणि डेकवर एकच हशा पिकला. मोजपट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पहिल्याच आठवड्यात तिने जहाजावरच्या पायऱ्या, खिडक्या, बादल्या आणि स्वयंपाक्याच्या शिव्यासुद्धा मोजून ठेवल्या होत्या, तेव्हा बाकीच्यांनी तिचं बारसं करून टाकलं होतं.

शिकाऊ मुलांच्या त्या शिडाच्या जहाजावर सफरीच्या शेवटच्या दिवशी सगळा कारभार मुलांच्या हाती द्यायची पद्धत होती. मुलांनी आपल्यातूनच कॅप्टन निवडायचा, सुकाणू धरायचं, शिडं सोडायची आणि गुंडाळायची. अधिकारी मंडळी खाली जेवणाच्या खोलीत पत्ते कुटत बसायची. खरा कॅप्टन तेवढा डेकवर, पण कामाकडे पाठ करून, वेताच्या खुर्चीत. आणि त्याने चकार शब्द काढायचा नाही. अगदीच हातपाय गळाले तर मुलांच्या कॅप्टनला 'जहाज परत घ्या' एवढं म्हणायची मुभा होती. आजवर ते कुणी म्हटलं नव्हतं. पहिली आपण ठरायचं नाही, हे तिने टोपी सावरतानाच ठरवलं.

मधल्या डोलकाठीवर चढणारी तुकडी आठ जणांची होती, म्हणजे चार जोड्या. जोडीदारांनी एकमेकांच्या पट्ट्याची कडी तपासायची आणि मगच दोरशिडीला हात लावायचा. शेवटची जोडी लंबू आणि गवई यांची. लंबूने महिनाभरात एकही दार डोकं न आपटता ओलांडलं नव्हतं, आणि गवई वर भीती वाटली की गुणगुणायचा, तेही बेसूर.

वर गेल्यावर आडव्या वाशाखाली ताणलेल्या पायदोरावर उभं राहून शीड आवरायचं असतं. फुगलेल्या शिडाआड ही माणसं खालून दिसत नाहीत, म्हणून मोजणी कानांनी करतात. खालून 'वरचे मोजा' अशी हाक गेली की डाव्या टोकापासून एकेकाने आपला आकडा ओरडायचा. उतरल्यावर डेकवर पुन्हा तेच. चढले तितके उतरले की मगच जहाज वळवायचं, कारण वळवताना ते वासे गर्रकन फिरतात आणि त्यावर कुणी राहिलं असेल तर ते समुद्रात फेकलं जातं. एवढी एक गोष्ट कॅप्टनने महिनाभर सगळ्यांच्या डोक्यात घणाने ठोकली होती.

सकाळी पहिल्या मोजणीला आठाच्या मागोमाग वरून बारीक आवाजात 'नऊ' ऐकू आलं. कुणीतरी चेष्टा करतंय म्हणून मोजपट्टीने सगळ्यांना खाली बोलावून चांगलं फैलावर घेतलं. आठही जणांनी शपथा घेतल्या. गवई म्हणाला, शिडावरून आवाज परतून येत असेल. तिला ते पटलं, कारण पटवून घेण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

दुपारी पुन्हा तेच झालं. या वेळी तिने कान टवकारले होते. आवाज उजव्या टोकाकडून आला, सगळ्यात शेवटी उभ्या असलेल्या लंबूच्याही पलीकडून. लंबू उतरला तो हसत नव्हता. पलीकडे कुणी नाही, नुसता वासा आणि त्याखाली पाणी, असं त्याने सांगितलं. मग तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "शेजारी कुणी उभं राहिलं की पायदोर आपल्या पायाखाली वर उचलला जातो, माहितीये ना? तसा उचलला गेला."

ती घाबरली. पण टोपी डोक्यावर असताना घाबरलेलं दिसायचं नाही, म्हणून तिने उगाचच सगळ्यांना दोर नीट गुंडाळायला लावले.

तीनच्या सुमाराला वारा फिरला. उजवीकडे खडकांची ओळ होती, त्यांच्यावर फुटणाऱ्या लाटा आता स्पष्ट दिसू लागल्या. वरचं शीड आवरून जहाज डावीकडे वळवायला हवं होतं, आणि तेही लवकर. आठ जण चढले, भराभर शीड आवळलं, आठही उतरले. डेकवर आठ आकडे झाले. तिने तोंडं मोजली, तीही आठच. वासे फिरवणाऱ्या मुलांनी दोर हातात घेतले. हुकूम द्यायला तिने तोंड उघडलं आणि तोंडातून दुसरंच निघालं.

"वरचे मोजा!"

डेकवरची मुलं तिच्याकडे पाहत राहिली. वर कोण होतं मोजायला?

"नऊ," वरून आवाज आला. या वेळी तो सगळ्यांनीच ऐकला.

सुकाणूवरची मुलगी रडकुंडीला येऊन विचारत होती, वळवू का, आता वळवू का. खडक जवळ येत होते. वर शीड गुंडाळलेलं, वासा उघडाबोडका, त्यावर चिटपाखरू नाही. डोळे सांगत होते, वळव. तिने खुर्चीकडे पाहिलं. कॅप्टन उठून उभा होता, खुर्चीची पाठ घट्ट धरून. चेहरा पांढराफटक, पण ओठ मिटलेले. त्याला तिने परत घ्या म्हणायला हवं होतं का? क्षणभर ते शब्द तिच्या जिभेवर आले.

पण वरचा आवाज लहान पोराचा होता. वाट पाहून थकलेला.

"नऊ, खाली ये," ती ओरडली. "आम्ही थांबलोय."

काही झालं नाही.

मग दोरशिडीची वरची दोरी ताणली गेली. सैल झाली. तिच्या खालची ताणली गेली.

एकेक दोरी. सावकाश. एकदा मध्येच थांबली, पाय चाचपडावा तशी.

"घाई नाही," ती म्हणाली. घाई होती. लाटांचे तुषार डेकवर येत होते.

शेवटची दोरी सैल झाली.

"फिरवा!"

जहाज वळलं. उजवीकडून खडक इतक्या जवळून गेला की त्यावरचं शेवाळ दिसलं.

कॅप्टन खुर्चीत बसला. नियम मोडून तो बोलला, आणि तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू.

"चाळीस वर्षांपूर्वी अशाच शेवटच्या दिवशी ही टोपी माझ्या डोक्यावर होती. आठ उतरले. वरून नऊ ऐकू आलं. खडक हेच. मी वासे फिरवले."

"मग?"

"मग काही नाही. यादी बरोबर निघाली. कुणी कमी नव्हतं." त्याने डोळे पुसले. "मोज पाहू तुझी तुकडी."

तिने मोजणीची हाक दिली. एक, दोन, तीन, आणि शेवटी नऊ. डेकवर नऊ जण उभे होते, ओलेचिंब, हसत.

कॅप्टनने त्यांना जोड्यांनी उभं राहायला सांगितलं. तीन जोड्या झाल्या आणि कडेला तिघे राहिले, लंबू, गवई आणि बारक्या. तुम्ही तिघे कसे, असं त्याने विचारल्यावर लंबूला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. पहिल्या दिवसापासून आम्ही तिघेच, असं तो म्हणाला. मोजपट्टीनेही मान डोलावली. बारक्याला विसरणं शक्य तरी होतं का? पहिल्या रात्री ओकाऱ्यांनी बेजार झालेल्या त्या पोराच्या तोंडापुढे तिनेच बादली धरली होती. आठ हा आकडा तिच्या मनात कुठेतरी खुपत होता, पण तो कशाचा, ते तिला आठवेना.

संध्याकाळी जहाज धक्क्याला लागलं. घरची माणसं गर्दी करून उभी होती. लंबूला न्यायला त्याच्याइतकेच उंच वडील आले होते. गवईच्या दोन्ही बहिणी एकदमच त्याच्या गळ्यात पडल्या. बारक्या मात्र गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या एका म्हातारीकडे धावला. ऐंशीच्या घरातली असेल, केस पार कापसासारखे. आजी आली वाटतं, असं मोजपट्टीच्या मनात आलं, तोच तिने त्याला 'आई' म्हणताना ऐकलं.

म्हातारीने त्याच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले, पुन्हा पुन्हा. मग त्याच्या खांद्यावरून तिने कॅप्टनकडे पाहिलं.

"या वेळी नीट मोजलंत," ती म्हणाली.