चादरीच्या घडीतली माशी

माशी मेलेली होती, यात काही विशेष नव्हतं. विशेष होती तिची जागा. नऊ नंबरच्या खाटेवर उशाशी सांडलेल्या चहाचा गोड, चिकट डाग होता, पण त्यावर एकही माशी बसलेली नव्हती. ही मात्र रोग्याच्या कमरेला लागून, चादरीच्या घडीत पाय वर करून पडली होती. शेजारच्या आठ नंबरवर माशांचा नुसता बाजार भरला होता.

सुचित्राबाईंनी पेनाच्या टोकानं ती माशी सरकवली. तिच्याखाली दुसरी होती.

"वहिनी, माणूस मरणाशी झुंजून राहिलाय आणि तुम्ही माशा मोजून राहिल्या," नीळकंठराव कुजबुजले.

"मोजत नाही, भावजी. त्या कुठं मेल्यात ते पाहते आहे."

सुचित्रा पांढरीपांडे यांनी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर घरावर 'खाजगी चौकशी' अशी पाटी लावली. कामं यायची ती बहुधा स्थळांच्या चौकशीची. धाकटे दीर नीळकंठराव गाडी चालवत आणि मत देत. मत कुणी मागितलेलं नसे.

"मला हा दवाखाना मुळीच आवडत नाही," ते आता म्हणाले. "माझं हर्नियाचं ऑपरेशन इथंच झालं. आत न्यायच्या आधी केवढं भांडण झालं!"

"कशावरून?"

"जाऊ द्या. बायांसमोर सांगण्यासारखं नाही."

सुचित्राबाईंनी डोळे मिटून एक श्वास घेतला. सकाळपासून या पुसदच्या धर्मादाय दवाखान्यात त्यांना कुणी एका प्रश्नाचं एक उत्तर दिलं नव्हतं. त्यात घरचा माणूसही मागं राहायला तयार नव्हता.

त्यांना बोलावलं होतं ते बबिता राठोडनं. दोन वर्षांपूर्वी नर्सिंग पूर्ण करून इथं लागलेली मुलगी. ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती, पण गणवेशात नव्हती. तीन दिवसांपासून तिला वॉर्डात काम करायला मनाई होती. चार वाजता चौकशी होती. इन्चार्ज सिस्टर नंदाबाई जो अहवाल देतील, त्यावर तिची नोकरी राहणार की जाणार ते ठरणार होतं.

"नीट सांग. सुरुवातीपासून," सुचित्राबाई म्हणाल्या.

त्या साली पराटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याच्याही वर वाढली होती. हात वर करून फवारायचं, आणि औषध आपल्याच अंगावर घ्यायचं. दवाखान्यात रोज कुणीतरी येत होतं. ढाणकीकडच्या एका तांड्यातून फुलचंद आला तो सोमवारी. तोंडातून लाळ, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

"औषधाची बाटली कमरेले खोचून फवारत होता, मॅडम. बूच ढिलं होतं. मी आधी कपडे कापले. अंगावर सूतसुद्धा ठेवलं नाही. साबणानं दोनदा धुतला अन् सगळं पिशवीत भरून गाठ मारली. सलाइनमधून जहराचा उतारा, अ‍ॅट्रोपिन चालू केलं. सकाळपर्यंत छाती कोरडी झाली, नाडी पळाले लागली, म्हणून डॉक्टरले फोन करून थेंब कमी केले. डूटी संपली, घरी गेली. दुपारी पुन्हा तेच! लाळ, घरघर."

"आणि सगळे म्हणतात, तू थेंब कमी केलेस म्हणून झालं."

"हो. पण मी नसतानाही दोनदा झालं नं! थेंब वाढवले का सुधारते, कमी केले का बिघडते."

"तुला धुवायला कुणी सांगितलं होतं?"

"कोणीच नाही. सहा महिन्यांपासून मागून राह्यली, दाराशी एक नळ द्या, साबण द्या, आल्या आल्या पेशंट धुवाचा. नंदा सिस्टर म्हणते, बघू."

डॉक्टर स्वानंद तरुण होते आणि जागरणानं फिकट पडले होते. ते बसलेच नाहीत.

"तिनं स्वतःच्या मनानं औषध कमी केलं. मला आठवत नाही फोन."

"तिच्या मोबाइलवर तो दिसतो आहे. चांगला दोन मिनिटांचा."

"मग... 'बघा, तुम्हाला योग्य वाटतं तसं करा,' असं म्हणालो असेन."

"म्हणजे परवानगी दिलीत?"

"मी 'बघा' म्हणालो."

"त्यानंतर फुलचंदला रोज कोण तपासतं?"

"मीच. छाती ऐकतो, डोळे पाहतो."

"आणि अंग कोण पुसतं?"

डॉक्टरांनी दाराकडं पाहिलं. "ते सिस्टरांचं काम. बबिता गेल्यापासून माणसंच कमी आहेत."

सुचित्राबाईंना ओरडावंसं वाटलं. त्या फक्त पुढच्या खोलीत गेल्या.

नंदाबाईंच्या टेबलावर पांढऱ्या फुलांचा ग्लास होता आणि आवाजात तीस वर्षांचा वॉर्ड होता.

"पोरगी हुशार आहे, नाही म्हणत नाही मी. पण कात्री चालवणं म्हणजे नर्सिंग नाही. नातेवाइकांचं मन कोणी पाहायचं? सकाळी मी आले तर ती म्हातारी, त्याची माय, माझ्या पायांवर डोकं आपटून राहिली होती. हिच्या नावानं शिव्या. समजूत काढली ती मी. पाच मिनिटांत गप्प केली."

"कशी?"

"अनुभवानं." नंदाबाई उठल्या. "चारला भेटू."

"आणि बबितानं मागितलेला नळ?"

"बघू."

बाहेर आल्यावर नीळकंठराव म्हणाले, "वहिनी, मला तर डॉक्टरच खोटा वाटतो. चोराच्या मनात चांदणं."

"तो खोटा नाही, भावजी. आळशी आहे. त्याला वेगळी शिक्षा असते."

रुपीबाई जिन्याखालच्या अंधारात बसली होती. हाक मारल्यावर ती उजेडात आली. डोळ्यांतून, नाकातून एकसारखं पाणी. हात थरथरत होते. सुचित्राबाईंनी वाकून तिच्या डोळ्यांत पाहिलं. अंधारातून आलेल्या त्या डोळ्यांतल्या बाहुल्या तिळाएवढ्या होत्या.

"रडू नका, आजी."

"मी कायले रडू? हे पानी आपोआप येऊन राह्यलं, परवापासून. रडन ते तिच्या नावानं." तिनं दूर उभ्या बबिताकडं बोट केलं. "आमच्याच जातीची हाय, तिले काय मालूम नाही? जित्या मानसाचं असं कोनी करते काय?"

"असं म्हणजे कसं?"

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "इचारू नका. तोंडानं बोलू नाही असं."

"नंदा सिस्टरनी तुमचं ऐकलं?"

"देवमानूस हाय थे!"

नीळकंठराव हळहळले. "बिचारी. रडून रडून डोळे गेले तिचे."

"ती रडत नाही म्हणाली, भावजी! आत्ता, तुमच्यासमोर!" सुचित्राबाईंचा आवाज अखेर चढला. मग त्या एकदम थांबल्या. दिराकडं अशा पाहू लागल्या, की त्यांनी शर्ट सारखा केला.

"ऑपरेशनच्या वेळी तुम्ही काय काढू दिलं नव्हतं?"

"वहिनी!"

"सांगता की नाही?"

नीळकंठरावांनी कानात सांगितलं.

चार वाजता सगळे कचेरीत जमले. सुचित्राबाईंनी त्यांना उठवून नऊ नंबरपाशी आणलं. नंदाबाई कुरकुरल्या, डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

"औषध कमी केल्यामुळं फुलचंद बिघडत नाही," सुचित्राबाई म्हणाल्या. "तो बिघडतो, कारण त्याच्या अंगात विष अजून जातं आहे. अ‍ॅट्रोपिन जास्त असलं की ते झाकलं जातं, कमी झालं की उघडं पडतं."

"दवाखान्यात विष कुठून येणार?" डॉक्टर म्हणाले.

"माशांना विचारा. साऱ्या वॉर्डात माशा, या खाटेवर नाहीत. ज्या आल्या त्या मेल्या, आणि कमरेपाशी मेल्या. बाटली कुठं खोचली होती? कमरेला. बूच ढिलं होतं, म्हणजे पाणी न घातलेलं विष तिथंच झिरपलं. आता त्याच्या आईकडं पाहा. डोळे, नाक, थरथर. म्हातारपणी बाहुल्या लहान होतात, तेवढ्यावर मी गेले नसते. पण बाकीची लक्षणं? तेच विष, थोडं. म्हणजे ती वस्तू तिनं हाताळली, जवळ बाळगली. आणि अशी कुठली वस्तू आहे, की जी कापली म्हणून आई नर्सला शिव्या देते, पण तिचं नाव तोंडानं घेत नाही? बबिता, अंगावर सूतसुद्धा ठेवलं नाहीस म्हणालीस. कमरेला काय होतं?"

बबिताचा हात तोंडाकडं गेला. "करदोडा."

"काळा, सुताचा, जाड. विष पिऊन बसलेला. नंदाबाई, हातमोजे घाला आणि चादर उचला."

फुलचंदच्या उघड्या पोटाशी, दवाखान्याच्या पायजम्याच्या जरा वर, काळा करदोडा होता. तुटल्या जागी गाठ मारलेली. त्याच्याखाली कातडी लाल झाली होती.

रुपीबाईनं हंबरडा फोडला. "मीच बांधला! बिनकरदोड्याचा गडी म्हंजे मुडदा! मढ्याचा करदोडा तोडतेत, बाई, जित्याचा नाही! आधी सकाळभर पदराच्या वटीत ठेवला, मंग बांधला."

"आणि गाठ मारलेल्या पिशवीतून तो तुम्हाला कुणी काढून दिला, आजी?"

उत्तर नंदाबाईंनी दिलं.

"मी." त्यांचा चेहरा उतरला होता. "मी म्हटलं, दोराच तर आहे. तिच्या मनाला बरं वाटेल."

"पाच मिनिटांत गप्प केलीत," सुचित्राबाई म्हणाल्या. त्यांना विजय वाटत नव्हता, नुसता थकवा आला होता. "तुम्ही मन पाहिलं, विष पाहिलं नाही. बबितानं विष पाहिलं, मन पाहिलं नाही. बबिता, कापलास ते बरोबर. पण काहून कापते, हे या माउलीला सांगायला तुला अर्धं मिनिट लागलं असतं. तू त्यांचीच बोली बोलतेस. इथं दुसरं कोण सांगणार होतं? आणि डॉक्टर, तुम्ही तीन दिवस छाती ऐकलीत. चादर थोडी खाली सरकवायची होती."



बबितानं हातमोजे चढवले, कात्री घेतली. चालवली मात्र नाही. आधी ती म्हातारीसमोर उकिडवी बसली.

"याडी, माय," ती म्हणाली, "यात फवारणीचं जहर हाय. तुह्या डोयातून पानी येते ते यानंच. मी हा काढतो, त्याले धुतो, तुले बी धुतो. अन् धुतल्या धुतल्या नवा बांधू. तू सोताच्या हातानं बांध. काढू?"

रुपीबाईनं आधी लेकाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. मग तिनं मान हलवली.

"नवा मी आणतो!" नीळकंठराव एकदम म्हणाले. "दुकान माहीत आहे मला. चांगला चिवट मिळतो." आणि आयुष्यात पहिल्यांदा ते मत न देता निघाले.

कात्रीचा आवाज झाला. करदोडा पिशवीत पडला, पिशवीला दुहेरी गाठ बसली. डॉक्टर स्वानंद पाण्याची बादली उचलून आणत होते. ती आणायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"अहवालाचं काय, सिस्टर?" त्यांनी बादली ठेवत विचारलं. "आणि तिचा तो नळ? पुन्हा बघू?"

नंदाबाईंनी हातातले हातमोजे काढले, नवे घातले आणि बाही वर सारली.

"बबिता आत्तापासून डूटीवर आहे," त्या म्हणाल्या. "नळ दाराशी लागेल, उद्या सकाळी. आलेला पेशंट आधी धुवायचा, मग खाटेवर घ्यायचा. आणि धुवायचा की नाही, हे डूटीवरची सिस्टर ठरवेल. डॉक्टरची वाट पाहायची नाही. माझीही नाही."