मामाच्या हातचं उष्टावण

लाइट येईपर्यंत सांगतो. अथर्व, मोबाइलची बॅटरी बंद कर आधी, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे. चेतना, तू भिंतीला टेकून बस. मागाहून "काका, पाठीमागं कोण आहे" असं मला विचारायचं नाही.

आपल्या वरच्या खोलीतला शिवयोगी. रोज बघता की त्याला, म्हणजे ऐकीव गोष्ट नाही ही. एका संस्थेत कामाला आहे. दुष्काळी भागात पालं टाकून राहणारी माणसं असतात ना, त्यांना शिधा पोचवतो. यंदा, चोवीस साली, करमाळ्याकडं काय दशा झाली होती तुम्हाला माहीत आहे. शेतकरीच टँकरच्या पाण्यावर. नंदीबैल घेऊन दारोदार फिरणाऱ्यांना पसाभर ज्वारी कोण घालणार?

मार्चच्या मध्याला हा पहिल्यांदा तिकडं गेला. आटलेला पाझर तलाव, काठाला पाच-सहा पालं. नुसता पाहायला गेला होता. आधी बघून यायचं आणि मग शिधा न्यायचा, अशी त्यांची पद्धत. पोरं भाजलेले चिंचोके चघळत बसली होती. मला म्हणाला, काका, रडणारं पोर बघवतं, पण ती रडतच नव्हती.

कडेच्या पालात दगडाबाई नावाची म्हातारी, तिची लेक आणि लेकीचं सहा-सात महिन्यांचं बाळ. आईचं दूध आटलेलं, बाळाच्या अंगावर मांस म्हणून नाही. याला वरचं काही का भरवत नाही, असं शिवयोगीनं विचारलं. तर म्हणे उष्टावण झालं नाही. आपल्याकडं पहिला घास मामाच्या हातचा असतो, तसाच त्यांच्यातही. फक्त आपण मामा नसला तर दुसऱ्या कुणाला तरी बसवतो, ती माणसं पालातल्या कुणाला बसवत नव्हती, बाहेरचा कुणी मामा व्हायला कबूल झाला तरच चालायचं. आणि मामा नंदी घेऊन कर्नाटकात गेला होता, तो परतलाच नव्हता.

शिवयोगी तापट, तुम्ही ओळखता त्याला. मामाची वाट बघत पोराला मारणार का, असं तो तोंडावर बोलला. म्हातारीला राग आला नाही.

"मग तुमी व्हा की मामा," ती म्हणाली.

"होतो. पुढच्या खेपेला मीच भरवतो."

सहज बोलून गेला. आपण दारातल्या माणसाला "येतो हं" म्हणतो ना, तसं. पण त्यांच्यात एकदा मामा ठरला की त्याच्या आधी दुसऱ्या कुणी घास द्यायचा नाही. हे त्याला कुणी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

आठवडाभरात शिधा जायचा होता. पण संस्थेच्या साहेबांना पाडव्याला कार्यक्रम करायचा होता, पाहुणे बोलावून, फोटो काढून. पोती गोदामात पडून राहिली. हा रोज भांडायचा. अन्न गोड लागेना त्याला. ते पोर पाडव्यापर्यंत टिकेल का हो काका, असं मला विचारायचा.

पाडव्याचा आदला दिवस. आठ एप्रिल, सोमवार, अमावस्या. साहेबांना न विचारता त्यानं करमाळ्याच्या गोदामातून डाळ-तांदळाची पिशवी आणि नाचणीच्या तयार सत्त्वाचं पाकीट उचललं. पिशवी मोटरसायकलला बांधली आणि निघाला. तलावाच्या वाटेला लागेपर्यंत अंधार पडला, पण माणसं निजायची वेळ झालेली नव्हती.

आधी त्याच्या ध्यानात आली ती कुत्री. मागच्या खेपेला अंगावर धावून आली होती. आज एकसुद्धा भुंकलं नाही. मग बघतो तर पाल एकच उभं. कडेचं.

बाकीचे पुढं गेले असतील, ही पोरासाठी मागं राहिली असेल, अशी त्यानं मनाची समजूत घातली. हाक मारली. "दगडाबाई..."

मग आतून आवाज आला.

"आला व्हय मामा..."

यानं बॅटरी लावली.

"दिवा नगं. लेकराच्या डोळ्याला लागतोय."

बंद केली. वाकून आत शिरला. आत गार. एप्रिलचा उकाडा, नुसता वणवा, आणि त्या पालात याला हुडहुडी भरली. नुकत्याच उकरलेल्या मातीचा वास येत होता. लेक कुठं आहे, यानं विचारलं.

"भरवा," म्हातारी म्हणाली. "लई दिस थांबलंय त्ये."

बाटलीतलं पाणी घालून त्यानं आपल्या जेवणाच्या डब्याच्या झाकणात सत्त्व कालवलं. अंधारातच. बोट बुडवून पुढं केलं. तोंड सापडलं. थंडगार. दात नव्हते, नुसत्या हिरड्या. पोर चोखायला लागलं.

याला बरं वाटलं. पोचलो एकदाचा वेळेवर, असं वाटलं. पुन्हा बोट बुडवलं. पुन्हा.

झाकण रिकामं झालं. पोर थांबेना. बोट ओढलं... सुटेना.

आणि मग त्याच्या लक्षात आलं. इतका वेळ पोराचा श्वास त्याच्या हाताला लागलाच नव्हता.

एकदाही नाही.

"दगडाबाई... दगडाबाई, याला धरा."

"आता मी कशी धरू," ती म्हणाली. "आता त्ये मामाचं."

बोट कसं सुटलं, गाडी कशी चालू झाली, त्याला आठवत नाही. फाट्यावर पिठाच्या गिरणीत उजेड होता. गिरणीवाला धोंडीराम याला ओळखत होता. त्यानं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि गिरणी बंद केली.

"सायेब, पालं उठून आठ दिस झालं," तो म्हणाला. "आदी पोरगं गेलं. मागनं म्हातारी. आईला बाकीच्यांनी वडत न्हेलं हितनं. आमच्या गावची एक बाई दुदाची वाटी घिऊन गेलती की. म्हातारीनं घिऊ दिली न्हाय. म्हणली, मामा येणार हाय."

सकाळी दोघं मिळून गेले. पाल नव्हतं. मातीचे दोन ढिगारे होते, एक मोठा आणि एक एवढासा. शिवयोगी तिथं खाली बसून ढसाढसा रडला, असं धोंडीरामनं मला फोनवर सांगितलं. गाडीला बांधलेली पिशवी त्यानं मोहोळकडं गेलेल्या त्या लोकांना हुडकून दिली. पोराची आई तिथं होती. ती पाठ फिरवून पालात निघून गेली.

पाडव्याच्या संध्याकाळी तो घरी आला आणि मला उजव्या हाताचं बोट दाखवलं. खालच्या बाजूला दोन बारीक खुणा, शेजारीशेजारी, पोरांना पहिले दोन दात खाली येतात तशा. "हिरड्याच होत्या हो काका," एवढंच म्हणत होता. डॉक्टर म्हणाले, उंदीर चावला असेल, आठ दिवसांत जातील. गेल्या नाहीत.

परवा रिकामा डबा परत द्यायला खाली आला. श्रावण लागलाय, म्हणजे पोर असतं तर वर्षाच्या आत-बाहेर असतं. मी न विचारताच त्यानं बोट पुढं केलं. खालच्या दोन खुणा होत्या तशाच होत्या.

वरच्या बाजूला आता दोन नव्या आल्यात.