हिरमोडांक

प्रयोगशाळेतल्या आरामखुर्चीत बसलेली सिन्नरची बाई हमसून हमसून रडत होती. काचेपलीकडे उभ्या असलेल्या तिघांना मात्र तिच्या रडण्याचं काही नव्हतं. ते बघत होते समोरच्या पडद्यावरचा आकडा, आणि तो आकडा शून्य होता.

वाहिनीचे प्रमुख दिघे यांना ते काही केल्या पटेना. "बाईंची नायिका त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. पदर भिजलाय त्यांचा. आणि तुमचं यंत्र म्हणतं हिरमोड शून्य?"

"दुःख वेगळं आणि हिरमोड वेगळा," शलाका दातार म्हणाली. कथाजनित्र तिनेच बांधलेलं होतं, त्यामुळे ते समजावून सांगताना तिच्या आवाजात लेकाचं कौतुक करणाऱ्या आईचा सूर यायचा. "गोष्ट बघताना आपला मेंदू क्षणाक्षणाला पुढचं चित्र रंगवत असतो. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. ते चित्र आणि प्रत्यक्षात घडतं ते, यांच्यात जेवढं अंतर, तेवढा हिरमोडांक. हा रसचष्मा कानशिलांपाशी ते चित्र टिपतो, आणि कथाजनित्र तसाच प्रसंग तिथल्या तिथे रचून डोळ्यांपुढे ठेवतं. रेवा वाचणार नाही हे या बाईंना आतून कळून चुकलं होतं. ती वाचली असती तर त्यांनी चष्मा फेकून दिला असता."

"म्हणजे प्रेक्षकाला हवं ते दाखवायचं."

"छे, छे! तिथेच सगळे चुकतात," डॉक्टर काझी म्हणाले. ते मेंदूतज्ज्ञ, मूळचे रत्नागिरीचे, आणि समोरच्याची चूक काढताना त्यांना विशेष आनंद होई. "हवं काय, ते मेंदूत मोजता येत नाही साहेब. आम्ही त्यासाठी पुष्कळ डोकं फोडलं. मनाने धरलेलं काय, ते मात्र लख्ख दिसतं. आम्ही धरलेलं देतो."

दिघ्यांना फरक कळला की नाही कोण जाणे, पण करारावर त्यांनी सही केली. त्यांची मजबुरीच तशी होती. त्यांच्या वाहिनीची 'कळशीभर चांदणं' ही मालिका घराघरांत बघितली जात होती आणि घराघरांत तिला शिव्या पडत होत्या. रेवाची स्मृती दोनदा गेली होती. तिच्या नवऱ्याला, राघवला, अचानक जुळा भाऊ फुटला होता. आणि सगळ्यांची लाडकी तारा, ती गुरांची डॉक्टर, एका सोमवारी कुणाचा निरोपही न घेता कॅनडाला निघून गेली होती, कारण ते काम करणाऱ्या नटीचं आणि निर्मात्याचं बिनसलं होतं. त्या आठवड्यात नाशकातल्या एका महिला मंडळाने मालिकेच्या जित्याजागत्या लेखकाचं गोदाकाठी तेरावं घातलं. लाडू चांगले झाले होते म्हणतात.

रसचष्मा आला आणि शिव्या थांबल्या. एकाच मालिकेच्या लाखो मालिका झाल्या. कुणाची रेवा गेली, कुणाची आमदार झाली, कुणाच्या मालिकेत सासूच सुधारली. गंमत अशी की त्यापायी बोलणंही थांबलं. पूर्वी भाजीच्या गाडीपाशी बायका रेवाच्या सासूचा उद्धार करत अर्धा तास उभ्या राहायच्या, आता मेथी निवडून गपचूप घरी जायच्या. 'तुमच्यात काय झालं?' हे विचारणं पगार विचारण्याइतकंच असभ्य मानलं जाऊ लागलं. कारण दुसऱ्याची मालिका म्हणजे दुसऱ्याचं मन, आणि त्यात डोकावणं बरं नव्हे. हा शिष्टाचार शलाकानेच एका मुलाखतीत सांगितला होता.

तिच्या स्वतःच्या घरात मात्र तिला तो फार जड जात होता.

तिचा नवरा सुबोध माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायचा. चष्म्याच्या आधी दोघं ताटं घेऊन टीव्हीपुढे बसायची आणि तोंडाला येईल ते बोलायची. सुबोधला तारा आवडायची. म्हशीच्या पायाला टाके घालून, हात धुऊन, मान कलती करून ती हसायची, ते त्याला फार आवडायचं. तारा कॅनडाला गेली तेव्हा हा पठ्ठ्या चार दिवस धड जेवला नाही. शलाकाने त्याची टिंगल केली, पण तिच्या मनात काहीतरी अडकलं ते अडकलंच. कारण मान कलती करून हसणारी आणखी एक बाई तिला माहीत होती. सुबोधच्या शाळेतली संगीताची शिक्षिका, स्वरूपा निमकर. शिक्षकांच्या खोलीत तिची खुर्ची सुबोधच्या खुर्चीला लागून होती, आणि तिचं नाव जेवताना निघालं नाही असा दिवस विरळा.

आता दोघं एकाच सोफ्यावर आपापले चष्मे लावून बसायची. शलाका स्वतःची मालिका अर्धवट बघायची आणि उरलेला वेळ चष्म्याच्या कडेवरून नवऱ्याकडे बघायची. तो हसायचा. मोठ्याने नव्हे, आपल्याशीच. कधी त्याचे डोळे पाणवायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं हसू तिच्या वाट्याला कधी आलं होतं, ते तिला आठवेना. हा मत्सर आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याने तो तसूभरही कमी होत नव्हता.

"काय झालं रे आज तुझ्यात?"

"काही विशेष नाही गं."

"तारा आली का परत?"

सुबोध क्षणभर थांबला. "विचारू नये असं तूच सांगतेस ना जगाला?"

तो थांबला, एवढं तिला पुरे होतं.

रविवारी सकाळी सुबोध केस कापायला गेला. त्याचा चष्मा फ्रीजवर पडलेला होता. तो फक्त त्याच्या बुबुळांनी उघडायचा, पण कुलूप ज्याने केलं त्याच्याकडे दुसरी किल्ली असतेच. शलाकाने दुरुस्तीसाठीचा संकेत घालून चष्मा उघडला. यात आधीचे प्रसंग साठवलेले नसतात, साठवलेलं असतं ते फक्त कथासूत्र, म्हणजे कोण कुठे आहे, आजवर काय काय झालं, एवढंच. पुढचं सगळं त्यावरून रचलं जातं. तिने मनाशी हिशेब केला, की सूत्र सुबोधचं, म्हणजे पुढची गोष्टही सुबोधचीच असणार. मग तिने चष्मा लावला.

गावाच्या फाट्यावर एसटी थांबली आणि तारा उतरली. कॅनडात राहून तिचे केस वाढले होते आणि भांग मधोमध आला होता, थेट स्वरूपासारखा. ती काहीतरी गुणगुणत होती. गुरांच्या दवाखान्याच्या फाटकापाशी राघव उभा होता. त्याने हनुवटी चोळली. ती सवय राघवची नव्हतीच, सुबोधची होती. तारा म्हणाली, "घरी काय सांगून आलास?" तो म्हणाला, "संमेलनाला जातोय म्हणून."

दिवाळीनंतर सुबोध साताऱ्याला भूगोल शिक्षकांच्या संमेलनाला गेला होता. तिने चष्मा काढून टाकायला हवा होता. तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला आणि सगळा भाग शेवटपर्यंत बघितला. पापणी लवू दिली नाही.

सुबोध नवे केस कुरवाळत घरात शिरला तो सरळ तोफेच्या तोंडी.

"साताऱ्याला कोण होतं तुझ्याबरोबर?"

"अं? चाळीसेक भूगोलाचे मास्तर होते. एकही दिसायला बरा नव्हता. का गं?"

"हसू नकोस. मी सगळं बघितलंय. फाटक, एसटी, तिचा भांग. सगळं."

त्याची नजर फ्रीजकडे गेली, मग तिच्या हाताकडे. "तू माझा चष्मा लावलास?"

"विषय बदलू नकोस. स्वरूपा होती का नव्हती?"

"स्वरूपा?" त्याचा चेहरा आधी गोंधळला, मग उतरला, आणि मग असा काही मिटला, की तिला तो ओळखूच येईना. "मी विचारलं, तू माझा चष्मा लावलास?"

"हो, लावला!"

"मग झालं तर. तू ठरवून बसली आहेस. आता मी काय सांगणार, आणि तू काय ऐकणार?"

तासाभरात तो चार कपडे घेऊन देवळालीला थोरल्या भावाकडे निघून गेला.

सोमवारी शलाकाने तो चष्मा काझींच्या टेबलावर आपटला आणि फाटकापासून संमेलनापर्यंत बघितलेलं सगळं सांगून टाकलं. "यातलं सूत्र आणि कालच्या नोंदी काढून द्या. मला पुरावा हवाय. मी वकिलाकडे जाणार आहे."

काझींनी चष्मा यंत्राला जोडला, नोंदी वाचल्या, आणि त्यांना हसू फुटलं. तिच्याकडे बघितल्यावर ते लगेच विरलं.

"शलाका, सूत्र सुबोधरावांचं होतं, कबूल. पण कानशिलं कोणाची होती?"

शलाकाचा हात आपसूक कानशिलाकडे गेला.

"आजवर काय झालं ते सूत्र सांगतं. पुढे काय होणार ते कानशिलं ठरवतात. दिघ्यांना हे तूच समजावलंस. भांग तुझा, संमेलन तुझं, फाटकही तुझं. तू लावेपर्यंत सुबोधरावांच्या सूत्रात तारा कॅनडातच होती, हे बघ." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "आणि हेही बघ. तुझ्या स्वतःच्या चष्म्यात तुझा हिरमोडांक कधी चाळिशीच्या खाली उतरलेला नाही. तुझं मन एका ठिकाणी राहतच नाही, यंत्र बिचारं धावून धावून दमतं. काल पूर्ण भागभर तो शून्य आहे."

"म्हणजे मला ते हवं होतं?"

"हवं काय ते मला मोजता येत नाही. तू ते धरून बसली होतीस, एवढंच मी सांगू शकतो."

तिने विचारलं, "मग त्याच्यात खरं काय चाललंय, ते बघायचं कसं?"

"बघता येणार नाही. जो लावेल त्याला त्याचंच दिसणार. माणसाला तोंडाने विचारायचं आणि तो सांगेल ते खरं मानायचं. दुसरं यंत्र अजून निघालेलं नाही."

संध्याकाळी ती देवळालीला गेली. जाऊबाईंनी चहा दिला आणि शहाण्यासारख्या आत निघून गेल्या. ओसरीवर सुबोध पेपर तपासत बसला होता. शलाकाने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. चूक झाली म्हणाली, जळत होते म्हणाली, तुझ्या हसण्यावर जळत होते म्हणाली. सांगताना ती रडली. सुबोध खालमानेने ऐकत राहिला. मग त्याने गठ्ठ्याला दोरी बांधली आणि आतून बॅग आणली.

"चल," तो म्हणाला. "दादाकडचं पांचट वरण मला नाहीतरी सोसवत नाही."

तिला इतकं हलकं वाटलं, की ती हसली. मग घाबरतच तिने विचारलं, "एकदाच सांग. पुन्हा कधी विचारणार नाही. तुझ्यात काय होतं, ज्याला तू हसतोस?"

"त्यात काही नाही गं, म्हणून तर सांगत नव्हतो. तू हसली असतीस. माझ्यात तारा येतच नाही. तिचा दवाखाना बंद असतो. रेवाचा सासरा रोज सकाळी तो उघडतो, झाडतो, टेबल पुसतो आणि कुलूप लावतो. कधी एखादी म्हैस येऊन फाटकाशी उभी राहते, तर तो तिला सांगतो, बाई नाहीयेत. म्हैस थोडा वेळ थांबते आणि जाते." त्याचा आवाज जरासा ओला झाला. "बस. मला ते बघायला बरं वाटतं."

तो खरं बोलत होता. त्याच्या चेहऱ्यावर ते इतकं उघड होतं, की शंकेला जागाच नव्हती. आता आपल्याला आनंद होईल म्हणून शलाका थांबून राहिली. आनंद झालाही, थोडासा. पण त्याच्या मागोमाग आणखी काहीतरी वर आलं. फाटकापाशी कुणी उभं नव्हतं, एसटीतून कुणी उतरलं नव्हतं. एवढा जीव जाळला, रात्री जागवल्या, आणि शेवटी एक म्हातारा आणि एक म्हैस?

"एवढंच?" तिच्या तोंडून निघून गेलं.

सुबोध ओसरीची पायरी उतरता उतरता थबकला. टीव्हीपुढे ताट घेऊन बसायच्या त्या सगळ्या वर्षांत, लेखकाने माती केली की ती याच सुरात असं म्हणायची. त्याने तिच्याकडे नीट बघितलं. तिनेही नजर चुकवली नाही, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्याने हातातली बॅग पुन्हा ओसरीवर ठेवली.