उघडा पाय

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिला वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. मुलगी शेजारी स्टूल ओढून बसली. फिनेलचा वास, जेवणाच्या ट्रॉलीची कुरकुर, भिंतीवरचं अडखळत चालणारं घड्याळ, सगळं तिच्या ओळखीचं होतं. शाळा सुटली की ती इथेच बाबांची वाट बघत बसायची.

बाबा इथले फिजिशियन. सर्जनचं काम टाक्यांपाशी संपायचं, बाबांचं तिथून सुरू व्हायचं. पेशंटची साखर, श्वास, लघवी, ताप, सगळं त्यांच्याकडे. सर्जन त्यांना 'सासूबाई' म्हणायचे. "आल्या का सासूबाई चुका काढायला?" बाबाही कमी नव्हते. "सून कापाकापी झकास करते हो, पण मागचं आवरायचं कुणी?"

त्यांची एक रीत होती. आधी तळहात एकमेकांवर चोळून ऊबदार करायचे. मग पेशंटची पावलं चादरीबाहेर काढून पोटऱ्या चाचपायच्या, घोट्यापाशी अंगठा दाबायचा, खळगा तसाच राहतो का बघायचं. सगळं ठीक असलं, की दोन्ही पाय नीट झाकायचे. मनात पाल चुकचुकली, तर एक पाय उघडाच ठेवायचे. सिस्टर काय ते समजायच्या : डॉक्टर परत येणार, तोवर डोळ्यांत तेल घालून बघायचं.

लहानपणी ती घरी मुद्दाम पांघरुणाबाहेर पाय काढून पडायची. "बाबा, मला बघा ना." ते पाय झाकून टाकायचे. "घरच्यांचे पाय मी बघत नसतो. घरी मी नुसता बाप."

त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

सकाळी ती खालून चहा घेऊन आली, तर आईचा डावा पाय चादरीबाहेर होता. ऑपरेशनचाच पाय, आईला तो स्वतःहून हलवताही येत नव्हता. तिने झाकला.

"केवढा गार हात गं तुझा," आई डोळे मिटूनच म्हणाली. "मघाशी तर छान ऊबदार होता."

"मघाशी मी खाली होते, आई."

"मग सिस्टर असेल एखादी."

दुपारी ती बाटलीत पाणी भरून वळली, तर पाय पुन्हा उघडा. चादर घोट्याच्या वर व्यवस्थित दुमडलेली.

प्रेशर बघायला आलेल्या जुन्या सिस्टर जागीच थांबल्या. "हा तू ठेवलास असा?"

"नाही."

"असं आता इथे कुणी ठेवत नाही." त्यांनी झाकायला हात पुढे केला आणि मागे घेतला. "डॉक्टरबाईंना बोलावते."

बाबांच्या जागी आलेली डॉक्टर तरुण होती, घाईत होती. "अहो, सकाळीच बघितलंय मी. सगळं नॉर्मल होतं." तरी तिने टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. मग लगेच सोनोग्राफीला पाठवलं.

शिरेत गाठ होती रक्ताची.

"आज कळलं म्हणून निभावलं," डॉक्टर नंतर म्हणाली. "फुफ्फुसात गेली असती तर... कुणाच्या लक्षात आलं?"

सिस्टरांनी मुलीकडे बघितलं.

"पाय उघडा होता," मुलगी म्हणाली.

औषधं लागू पडली. आई वॉकर धरून उभी राहिली, वॉकरला शिव्या देऊ लागली. घरी सोडायच्या आदल्या दुपारी सर्जन आले, आता पिकलेले. टाके बघून म्हणाले, "वहिनी, उद्या पळा. सासूबाई असत्या तर आणखी आठवडाभर डांबलं असतं!" सगळे हसले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

ते गेल्यावर आईला झोप लागली. तिचे दोन्ही पाय झाकलेले होते, चादरीची कड गादीखाली खोचलेली. बाबा खोचायचे तशी. मुलीने ती खोचली नव्हती.

कितीतरी महिन्यांनी तिला मोकळं वाटलं. झालं ना बाबा, ती मनातच म्हणाली. खाटेशेजारच्या बाकावर आडवी झाली, शाल अंगभर ओढून घेतली.

जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून सरकलं होतं. आई शांत झोपली होती. वर पंखा जोरात फिरत होता.

शाल तिच्या घोट्याच्या वर व्यवस्थित दुमडलेली होती.

पंख्याखाली उघडं पडलेलं पाऊल गार लागायला हवं होतं. ते ऊबदार होतं.

घोट्यापाशी अंगठ्याएवढा खळगा पडला होता. तो भरून यायला फार वेळ लागत होता.